लिलीची पाचपानी निर्गुडी

लिली, तुला जाऊन महिना झाला आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून नोकरी केलेली नाही, आणि रिटायर झाल्यावर तुझ्याशी एका रानटी झुडपावरून वर्षानुवर्षं भांडणही केलेलं नाही.

परवा तुझ्या नावाने महिन्याच्या मिसेची प्रार्थना होती. गुडघ्याला पट्टा बांधून, दोन बस बदलून मी मुलुंडहून बोरिवलीला आले. चर्चमध्ये तुझा भाऊ आग्नेल पहिल्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, म्हणजे तो स्वतःला सावरायचा प्रयत्न करत होता. फादर तुझ्याबद्दल फार छान बोलले. म्हणाले, लिली शांत होती, लिली सोशिक होती, आणि लिली आयुष्यात कधी खोटं बोलली नाही. पहिल्या दोन गोष्टींना मी रुमाल तोंडावर धरला. लोकांना वाटलं रडते आहे. तिसरी गोष्ट मला तेव्हा खरीच वाटली. पुढच्या तासाभरात तीही निकालात निघायची होती. पण ते नंतर. आधी भांडण मला नीट मांडू दे, कारण आजवर ते कायम तूच मांडत आलीस, आणि दर वेळी उलटं.

आपण दोघी एकाच डोंगराच्या दोन बाजूंना राहायचो. मधे नॅशनल पार्कचं जंगल, पश्चिमेला तुझं गावठाण, पूर्वेला माझी सोसायटी. एखाद्या बिबट्याला मनात आलं असतं तर तो माझ्याकडून सरळ तुझ्याकडे चहाला येऊ शकला असता. मला मात्र पवईचा वळसा घालून, ट्रॅफिकमध्ये तिष्ठत यावं लागायचं. तरी दर शुक्रवारी आपल्यातली एक दुसरीकडे जायचीच. खरं तर मीच यायचे. तू म्हणायचीस, तुझा आग्नेल एकटा राहिला की गॅस चालू ठेवून चर्चकडे गप्पा मारायला जातो. आता वाटतं, तेही कितपत खरं होतं कोण जाणे.

माझे गुडघे धरले आणि तू मला पहिल्यांदा निर्गुडी बांधलीस तो शुक्रवार मला स्वच्छ आठवतो. तुझ्या परसातल्या भिंतीला लागून ते झुडूप होतं. लावलेलं नाही, आपलं आपण आलेलं. तू पाला तोडलास, तव्यावर एरंडेलाचा हात फिरवून गरम केलास आणि माझ्या गुडघ्याला जुन्या ओढणीने बांधलास, इतकं घट्ट की दुखणं विसरून मी रक्त पोचतंय की नाही याचीच काळजी करत बसले. संध्याकाळी खरंच बरं वाटलं. मी तसं म्हटलंही. तीच चूक झाली. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं म्हटलं तर तो म्हणतो, चांगलं झालं. तू म्हणालीस, "वाटणारच गो. ही बोरिवलीची हाय."

आता मुलुंडमध्ये काय निर्गुडी नसते? आमच्या बिल्डिंगच्या मागे नाल्याच्या कडेला हे एवढं झुडूप आहे. तसाच उग्र वास, पानाची पाठ तशीच पांढुरकी, तसेच जांभळट तुरे. पुढच्या शुक्रवारी मी स्टीलच्या डब्यात पाला भरून घेऊन आले. तू डबा उघडलास, एक पान देठाला धरून वर उचललंस, चष्मा पुसलास आणि मोजायला लागलीस. मला वाटलं काय मोजते आहे ही.

"तीन," तू म्हणालीस.

"काय तीन?"

"ह्याला तीनच बोटं हायत. आमच्या निर्गुडीला पाच असतात. आणि ह्याच्या कडा बघ, उंदराने कुरतडल्यासारख्या. ही निर्गुडी नाय शोभा. कुणाची तरी सवत उचलून आणलीस."

मी तुझ्या परसात जाऊन पाहिलं. खरंच, तुझ्या झुडपाच्या हाताशी आलेल्या प्रत्येक देठावर पाच लांबट पानं हाताच्या बोटांसारखी पसरलेली, कडा अगदी सरळ, नितळ. माझ्या डब्यात मात्र तीन-तीन, आणि कडांना दाते. मी म्हटलं, असतो थोडा फरक. तू म्हणालीस, थोडा? पाचातली दोन बोटं नसली तर त्याला तू थोडा फरक म्हणतेस? एक्स्चेंजमध्ये एक आकडा चुकला तर कॉल दिल्लीऐवजी दावणगिरीला लागायचा, हे विसरलीस? त्या दिवसापासून माझी ती तिपानी आणि तुझी ती पाचपानी. माझी खोटी, तुझी खरी.

मग तुझा तो प्रयोग. माझ्या डाव्या गुडघ्याला मुलुंडची निर्गुडी, उजव्याला बोरिवलीची, आणि दुपारभर मला खुर्चीत बसवून ठेवलंस. आग्नेल येता-जाता विचारायचा, "कोण पुढे हाय?" संध्याकाळी तू मला अंगणातल्या क्रुसापर्यंत चालायला लावलंस आणि कंबरेवर हात ठेवून पाहत राहिलीस. मी म्हटलं दोन्ही गुडघे सारखेच आहेत. तू म्हणालीस, "खोटं बोलू नको. डावा लंगडतोय." लिली, मी डाव्या पायावर दगड असल्यासारखं चालत होते कारण तू पट्टी इतकी आवळली होतीस की पायाला मुंग्या आल्या होत्या. पण निकाल तू जाहीर करून टाकला होतास आणि आग्नेलने टाळ्याही वाजवल्या होत्या.

मी पण काही कमी नव्हते. मी तुला म्हटलं की तुमच्या बाजूला खारी हवा लागते म्हणून तुमची पानं वाकडी वाढतात. तू म्हणालीस की हे झुडूप पोर्तुगीज यायच्या आधीपासून इथे उभं आहे आणि पोर्तुगीजांनीही त्याची पाचच मोजली होती. डोंगराखालून गोरेगाव ते मुलुंड बोगदा होणार असं कळलं तेव्हा सगळी मुंबई खूश झाली, फक्त तू म्हणालीस, "आता तुझी खोटी निर्गुडी अर्ध्या तासात इकडे पोचेल. वाट लागली."

आमचे हे गेले तेव्हाची गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही. घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. मला कुणी भाजीत मीठ कमी आहे हेही सांगेना. मी पण हळूच बोलायला लागले होते, आणि मग बोलणंच थांबलं. मुलगी बंगलोरहून येऊन राहिली, गेली, तरी मी आपली गप्प. तेराव्यानंतर तू आलीस. आलीस ती पदर सावरत रडली-बिडली नाहीस. पिशवीतून पाला काढलास, माझ्यासमोर टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "हे बघ, खरी कशी असते. तुझ्या नाल्यावरची फेकून दे." मी तुला असं काही सुनावलं, इतक्या मोठ्या आवाजात, की शेजारच्या वहिनी धावत आल्या. त्यांना वाटलं मला वेड लागलं. तू शांतपणे माझ्या स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकलास. दोन कप, आणि माझ्यात साखर जास्त. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले, कारण आभार मानले असते तर तू म्हणाली असतीस, निर्गुडीचा गुण.

आता शेवटचं भांडण. माझी भाची मेधा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मला वाटलं, किती वर्षं हे चालणार, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. मी तिला आधी आमच्या नाल्यावर नेलं. ती म्हणाली, "मावशी, ही निर्गुडीच आहे. आणि लिलीमावशींची पण निर्गुडीच असणार. एकच जात. हिच्या पानांचा काही नेम नसतो. सावलीतलं पान मोठं होतं, उन्हातलं आखूड राहतं. तुऱ्याजवळ बहुतेक तीन-तीन, खाली पाच-पाच. कडा कधी सरळ, कधी दातेरी. एकाच झुडपावर सगळे प्रकार सापडतात." आणि मग तिने माझ्या डोळ्यांदेखत माझ्या तिपानी झुडपात, आतल्या बाजूला, एक पाचपानी पान शोधून काढलं. इतकी वर्षं मी तिथून पाला तोडत होते, मला ते कधी दिसलं नव्हतं. मला जरा लागलंच. पण म्हटलं हरकत नाही, असंच एखादं तिपानी लिलीच्या झुडपावर सापडेल, बरोबरी होईल आणि विषय मिटेल. तुला फोन केला, शुक्रवारी भाचीला घेऊन येते. तू म्हणालीस, "आण ना. मी कुठे नाय म्हणते?"

आठवतंय ना? मेधाने तुझं झुडूप वरून पाहिलं, खालून पाहिलं, फांद्या वाकवून पाहिल्या. भिंतीला धरून वर चढली. तू बुटक्या मोड्यावर बसून लसूण सोलत होतीस, चेहरा अगदी वेदीवरच्या संतासारखा. शेवटी मेधा म्हणाली, "आश्चर्य आहे. एकूण एक पान पाचाचं आहे. असं झुडूप मी आजवर पाहिलेलं नाही."

"बघ," तू मला म्हणालीस. फक्त एवढंच. लसूण सोलणं थांबवलंही नाहीस.

"पण इथे फांदीला पानं खुडल्याच्या खुणा दिसतात," मेधा म्हणाली.

"बकरी येते."

"बोरिवलीत बकरी?"

"गावठाणात सगळं येतं."

आणि मग त्या शहाण्या मुलीने, सत्य लपवायचं नाही या कॉलेजातल्या सवयीने, तुला सांगून टाकलं की मावशीच्या झुडपावर मात्र दोन्ही प्रकार सापडले. तुझे डोळे असे चमकले की मला तिथेच कळलं, आता आपली धडगत नाही. तू लसूण खाली ठेवलास. "म्हणजे माझी अस्सल," तू म्हणालीस, "आणि हिची भेसळीची."

तिथून पुढे तुझे फोन. सकाळी फोन: भेसळवाल्या बाई उठल्या का? दुपारी फोन: दुधात पाणी घातलं का आज? मी चिडले. खरी चिडले, लिली, खोटी नाही. पुढच्या शुक्रवारी मी आले नाही. तुला म्हटलं गुडघा दुखतोय. तू म्हणालीस, "कुठली बांधलीस?" मी म्हटलं, "ठेव फोन." तू म्हणालीस, "पाच आहेत गो, पाच. मोज आणि झोप." आणि फोन ठेवलास.

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. दोन दिवसांनी दुपारी जेवून खुर्चीत बसलीस आणि उठलीच नाहीस. आग्नेलचा फोन आला तेव्हा मी तुझंच नाव स्क्रीनवर पाहून फोन कापणार होते, कारण तो तुझ्या फोनवरून बोलत होता. मला वाटलं पुन्हा भेसळ. लोकांची जवळची माणसं जाताना काळजी घे म्हणतात, देव तुझं भलं करो म्हणतात. मला काय मिळालं? मोज आणि झोप. महिनाभर मला झोप नव्हती, आणि मोजायला डोक्यात एकच गोष्ट: ती माझ्यावर खरंच रागावून गेली का? मी त्या शुक्रवारी आले नाही म्हणून तिला लागलं का? एका झुडपापायी आपण इतक्या वर्षांचं सगळं घालवलं का? हे विचारायला तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तू तर वर जाऊन बसली होतीस.

म्हणून परवा मिसा झाल्यावर, सगळे तुझ्या घरी अंगणात मैद्याचे तळलेले फुगे आणि चहा घेत उभे असताना, मी हळूच परसात गेले. तुझ्या अस्सल झुडपाला एकदा पाहून यायचं होतं. रागाने का प्रेमाने, मला विचारू नकोस.

लिली, ते झुडूप महिन्याभरात माजलं होतं. आणि त्याच्यावर तिपानी पानं होती. एक नाही, दोन नाही. वरच्या तुऱ्यांजवळ तर सगळी तिपानी. त्यातल्या कितीतरी पानांच्या कडांना दाते, माझ्या नाल्यावरच्या पानांना असतात तसेच, उंदराने कुरतडल्यासारखे. भिंतीच्या सावलीत वीतभर लांब पाचपानी, उन्हाकडे बोटाच्या पेराएवढी तिपानी. एका देठावर तर चार होती. त्याचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. मी तिथे उभी राहून एक-एक देठ धरून मोजत होते आणि तोंडाने म्हणत होते, खोटारडी, खोटारडी. चर्चचे कपडे घातलेल्या बायका परसाच्या दारातून मला बघून मागे फिरल्या.

आग्नेल हातात फुग्यांची बशी घेऊन आला. मी त्याला एक तिपानी तोडून दाखवलं. "हे काय?"

तो कसनुसं हसला. "सापडलं काय तुला?"

"हे आधी कुठे होतं?"

"इथेच व्हतं शोभाबाय. कायम. दर शुक्रवारी सकाळी ती मोडा घेऊन बसायची आणि एकेक तिपानी खुडून टाकायची. वरच्या फांद्यांसाठी मला शिडीवर चढवायची. तुझी भाची यायची व्हती तेव्हा तर दोन दिवस माझी पाठ मोडली. बकरी कोण म्हणून काय विचारतेस? बकरी मीच."

मी म्हटलं, "पण का? हरली असती तर काय बिघडलं असतं? मी कुठे पेढे वाटणार होते?"

आग्नेलने बशी भिंतीवर ठेवली. म्हणाला, "मी पण हेच बोललो. म्हटलं, दोन्ही एकच हायत, सांगून टाक तिला. तर मला बोलली, गप रे. दोन्ही एकच निघाली तर ती बया ते गुडघे घेऊन मुलुंडवरून इथे कशाला येईल?"

मग मी रडले. फादरसमोर जे रुमाल तोंडाला लावून हसत होते ना, त्याची सगळी परतफेड झाली. आग्नेल घाबरला आणि मला फुगा खायला देऊ लागला. मी फुगा खाल्ला. तुझ्यासारखे जमत नाहीत त्याला, आतून कच्चे राहतात. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग येऊन शिकव ना दर शुक्रवारी." तुझाच भाऊ तो.

येताना बसमध्ये मी तुला बरंच काही सुनावलं. म्हटलं, अगं वेडे, मी काय निर्गुडीसाठी येत होते? आमच्या घरापासून पाच पावलांवर झुडूप आहे माझं, मेडिकलमध्ये तेल मिळतं, मुलीने बंगलोरहून जपानी पट्टे पाठवले आहेत. तुझी पाचपानी उद्या सातपानी निघाली असती, नाहीतर एकही पान उरलं नसतं, तरी मी आले असते. हे मी तुला तोंडावर एकदा सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि ते मला तरी कुठे संपवायचं होतं?

आज सकाळी मी आमच्या नाल्याकडे गेले. मेधाने जिथे दाखवलं होतं त्याच फांदीवर आता आणखी एक पाचपानी आलं होतं. कडा सरळ, नितळ, अगदी तुझ्या ऐटीत वर मान करून. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वॉचमन मोबाइलमध्ये होता. मी ते खुडलं आणि पर्समध्ये टाकलं.

माझ्या झुडपावर आता सगळी तिपानीच आहेत, लिली. विश्वास नसेल तर ये आणि मोज.